शून्य गहाळ

मला परीक्षक नेमलं ते माझ्या वाचनासाठी नव्हे, माझ्या गाडीसाठी. तालुक्यातली वाचनालयं आणि शाळा हिंडून यायच्या होत्या, एसटी दिवसातून दोनदा, आणि समितीतल्या उरलेल्या दोघांचे गुडघे गेलेले. तेव्हा अध्यक्षांनी फोन करून ‘आपल्यासारखा व्यासंगी माणूस’ वगैरे म्हटलं आणि शेवटी हळूच विचारलं, ‘गाडी डिझेलची की पेट्रोलची?’

पुरस्कार एका ट्रस्टचा. इथल्याच एका व्यापाऱ्याने वडिलांच्या स्मरणार्थ काढलेला. माणूस सरळ मनाचा. ‘बाबांची शाळा तिसरीत सुटली, वाचायचं राहून गेलं, निदान आताच्या पोरांनी वाचावं,’ एवढंच त्याचं म्हणणं. पैसे स्वतःच्या खिशातले, पावतीपुस्तक घेऊन कुणाच्या दारात उभा राहिलेला नाही. तेव्हा आजच्या सदरातला एकही टोला त्याला नाही. टोले आहेत ते त्याच्या पैशाचं पुढे जे झालं त्याला. आणि त्यात मीही आलो, कारण निकालपत्रावर माझी सही आहे.

पुरस्कार तीन. उत्कृष्ट सार्वजनिक वाचनालय, उत्कृष्ट शालेय ग्रंथालय आणि आदर्श बालवाचक. सोबत एक छापील तक्ता, शंभर गुणांचा, कुठल्या तरी जुन्या तपासणीच्या नमुन्यावरून उतरवलेला. इमारत १०, स्वच्छता १०, ग्रंथसंख्या २०, दप्तर व नोंदी २०, उपक्रम २०, आणि ‘ग्रंथांची सुरक्षितता (गहाळ नसल्यास पूर्ण गुण)’ २०.

मी तक्ता उलटून पाहिला. मागे कोरा होता.

‘यात वाचक कुठे आहेत?’ मी फोनवर विचारलं.

‘ते उपक्रमात धरा,’ अध्यक्ष म्हणाले.

* * *

पहिलं वाचनालय तालुक्याच्या गावचं, जुनं, नावाजलेलं. दारातच पायपुसणं, त्यावर ‘सुस्वागतम्’. आत काचेची कपाटं, भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी, ताजे हार. पुस्तकांना खाकी कव्हरं, कण्यावर पांढऱ्या कागदाचा चौकोन, त्यावर सुवाच्य दाखल क्रमांक. पुस्तकाचं नाव मात्र कव्हराखाली गेलेलं. कपाटापुढे उभं राहिलं की कैद्यांच्या ओळखपरेडीला आल्यासारखं वाटतं.

ग्रंथपाल हुशार, नेटके. दाखल रजिस्टर, देवघेव रजिस्टर, सभासद रजिस्टर, सगळं लाल फितीत बांधून टेबलावर तयार. मी गहाळ पुस्तकांचा आकडा विचारला. ते या प्रश्नाची वाटच पाहत होते.

‘शून्य, सर. अकरा वर्षांत एकही नाही.’

‘कसं जमवलंत?’

‘शिस्त,’ ते म्हणाले. मग शिस्तीची फोड केली. घरी पुस्तक न्यायचं तर पाचशे रुपये अनामत. नवी पुस्तकं पहिली सहा महिने ‘प्रदर्शनात’. संदर्भग्रंथ जागेवरच. बालविभाग शनिवारी दुपारी, तोही पालक सोबत असतील तर. ‘मुलं पानं दुमडतात ना,’ त्यांनी खुलासा केला.

त्यांनी चहा सांगायला पाठ फिरवली तेव्हा मी एक काच सरकवून हाताला येईल ते पुस्तक काढलं. शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी पाहिली. शेवटचा शिक्का २००९ सालचा. दुसरं काढलं, २००७. तिसऱ्याची पानं कापायची राहिली होती. जुन्या बांधणीत दोन पानं वरून जोडलेली राहून जायची, ती वाचणाऱ्याने सुरीने कापायची. हे पुस्तक छापलं गेलं, विकत घेतलं गेलं, दाखल झालं, मोजलं गेलं, अकरा वर्षं शून्य गहाळात सामील झालं. उघडलं तेवढं कुणी नाही.

इमारत १० पैकी १०. स्वच्छता १० पैकी १०. सुरक्षितता २० पैकी २०. तिजोरीलाही यापेक्षा जास्त गुण देता आले नसते.

* * *

शाळेचं ग्रंथालय शोधावं लागलं नाही, कारण ते मुख्याध्यापकांच्या पाठीमागेच होतं. एक लोखंडी कपाट. त्याच्या पुढ्यात लेझमांचा ढीग, ढोल, विज्ञान प्रदर्शनातला थर्मोकोलचा ज्वालामुखी. ज्वालामुखी दोघांनी धरून बाजूला केला. किल्ली क्लार्ककडे होती, क्लार्क बँकेत गेले होते. मग दुसरी किल्ली निघाली, ती लागेना. शेवटी शिपाईमामांनी कपाटाला विशिष्ट जागी गुडघा मारला आणि दार उघडलं. म्हणजे चोरालासुद्धा पुस्तकं वाचायची असती तर अडचण नव्हती. अडचण फक्त विद्यार्थ्यांना होती.

आत पुस्तकं चांगली होती. खरोखर चांगली. कुणीतरी निवडून घेतलेली. गोष्टी, पक्ष्यांची माहिती, चरित्रं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत. ‘हवीत’ इथवर कायदा पोचलेला आहे. कपाटापर्यंत पोचला, कडीपाशी थांबला.

मी मुख्याध्यापकांना विचारलं, ‘मुलांना देत का नाही?’ मला वाटलं, आता ते मोबाइलवर आणि हल्लीच्या पिढीवर घसरतील. ते तसं काही बोलले नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, ‘सर, खरं सांगू? माझ्या आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. चार्ज देताना एकोणीस पुस्तकं कमी भरली. कुठं गेली? पोरांनी नेली असणार, वाचली असणार. पण कागदावर कमी ती कमी. त्यांचा ना-देय दाखला चार महिने अडला. शेवटी बिचाऱ्यांनी बाजारातून एकोणीस पुस्तकं विकत आणून भरली. माझी तीन वर्षं राहिलीत.’

त्यांनी कपाट बंद केलं. ज्वालामुखी परत जागेवर गेला.

या माणसाला मी नावं ठेवू शकलो नाही. त्याला पुस्तकांचं प्रेम नाही असं नाही. त्याला पेन्शनचं जास्त आहे, आणि ते कुणाला नसतं?

यातली गंमत अशी की पुस्तक हरवतं हे खुद्द सरकारलाही ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांच्या २०१७ साली सुधारून छापलेल्या पुस्तकात ग्रंथालयांसाठी एक कलम आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या किंवा चाळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गेली, तर ते नुकसान वाजवी समजावं. मात्र त्यामागे लबाडी किंवा हलगर्जी नसावी, आणि पुस्तक हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ असेल तर चौकशी व्हावी. कलम केंद्राच्या कार्यालयांपुरतं, पण त्यातलं शहाणपण कुठेही चालावं असं. आणि त्यातला बारकावा बघा. हजारामागे पाच, हे कपाटातल्या हजारामागे नव्हे, लोकांच्या हातात गेलेल्या हजारामागे. ज्याने दिलंच नाही त्याला हरवण्याची सूटही नाही. फायनान्सच्या माणसाला जे कळलं ते आमच्या तक्त्याला कळलं नाही.

* * *

इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये साखळदंडांचं ग्रंथालय अजून जपून ठेवलंय. एकेका पुस्तकाला लोखंडी साखळी, दुसरं टोक फळीच्या दांडीला. साखळी पुढच्या कडेला जोडलेली म्हणून पुस्तकं उलटी लावलेली, कणा आत, पानं बाहेर. प्रवासी तिथे तिकीट काढून जातात, फोटो काढतात, चुकचुकतात. चुकचुकण्याआधी एक लक्षात घ्यावं. साखळी पुस्तकाला होती, वाचकाला नव्हती. वाचक आला, बाकावर बसला की पुस्तक ओढून समोर उघडता येत असे. त्यासाठी क्लार्क बँकेतून परत यावा लागत नसे.

आपल्या शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम छापले. त्यातला पहिलाच: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. एवढं साधं वाक्य लिहायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असं तेव्हाही कुणाला वाटलं असेल. हा गणिताचा प्राध्यापक मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, आणि जुन्या साखळदंडांची आठवण काढूनच त्याने हा नियम समजावून सांगितला. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट, तो आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी त्यांचा फोटो कपाटावर ठेवून हार घालतात. कपाट बंद असतं. फोटो पडू नये म्हणून.

* * *

तिसऱ्या ठिकाणी मी उशिरा पोचलो. ग्रामपंचायतीच्या बाजूची एक खोली, पत्र्याची. ‘ड’ वर्गाचं वाचनालय. बाहेर चपलांचा खच. एवढ्या चपला मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिल्या. पहिल्या वाचनालयात पायपुसणं होतं, पाय नव्हते.

आत एक बाई. गावची पोरं त्यांना मावशी म्हणतात. मी ताई म्हटलं. त्यांनी मला आधी औषधफवारणीवाला समजून बाहेर थांबायला सांगितलं, मग ओळख पटल्यावर स्टुल पुसून दिलं. रॅक उघडे. पोरं स्वतःच्या हाताने पुस्तक काढतात, शास्त्रात याला मुक्तद्वार म्हणतात. इथे दाराला कडी नीट लागत नव्हती, त्यामुळे मुक्तद्वार सगळ्याच अर्थांनी.

पुस्तकांची दशा मी काय सांगू? कव्हरं गेलेली, कोपरे गोल झालेले, कण्याला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आणखी चिकटपट्टी. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं एक पुस्तक हातात घेतलं. शेवटचं पान नव्हतं. त्या जागी वहीचे तीन कागद खळीने चिकटवलेले. तीन वेगवेगळी अक्षरं.

‘हे काय?’

‘पान कुणीतरी फाडून नेलं. पोरं येऊन विचारायची, मावशी, पुढं काय झालं? मला कुठं पाठ आहे? म्हटलं, तुम्हीच लिहा. तिघांनी लिहिलं.’

‘खरं कुठलं?’

‘मधलं खरं आहे म्हणतात. त्या पोराने मामाच्या गावच्या वाचनालयात वाचलं होतं. पण पोरांना शेवटचं आवडतं. त्यात बन्या फेणे हेलिकॉप्टर चालवतो.’

मी तक्ता काढला. गहाळ किती? मावशींनी लपवलं नाही. ‘एक्केचाळीस.’ आणि रजिस्टर पुढे केलं. माझ्या आयुष्यात मी बरीच रजिस्टरं पाहिली, शेरा या रकान्यात ‘निरंक’ याशिवाय काही वाचनीय असतं हे मला माहीत नव्हतं. या रजिस्टरात होतं. ‘बैलाने ओढले.’ ‘पुरात ओले, वाळवले, तरी वाचता येते.’ ‘आजोबांच्या उशाशी आहे, आजारी आहेत, मागू नये.’ आणि एका ठिकाणी, निळ्या शाईत: ‘मुलगी सासरी गेली. पुस्तकही.’

‘हे मागवलं नाही?’

‘कशाला? तिकडे त्यांच्या गावात वाचनालय नाही,’ मावशी म्हणाल्या. जणू पुस्तक तिकडे बदलीवर गेलंय.

या वाचनालयाचा हिशेबही सांगतो, कारण तो साऱ्या राज्याचा आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग, आणि शासनमान्य वाचनालयं अकरा हजारांच्या वर. २०२२ साली सरकारने अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा ‘ड’ वर्गाचे वर्षाचे ३०,००० चे ४८,००० झाले. यातला निम्मा भाग पगाराचा, निम्मा बाकी सगळ्याचा: पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, भाडं, खळ. त्या हिशेबाने पगाराचे वर्षाला २४,०००, महिन्याला २,०००. उत्कृष्ट वाचनालयांना सरकार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने पुरस्कारही देतं, आणि त्यात ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला मिळतात २५,०००. म्हणजे एका संध्याकाळचा सत्कार हा तो सत्कार कमावणाऱ्या बाईच्या वर्षभराच्या पगारापेक्षा हजार रुपयांनी मोठा. पुरस्काराची रक्कम जास्त आहे असं माझं म्हणणं नाही, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको.

मी गुण मांडले. इमारत १० पैकी २. स्वच्छता ४ (चपला मोजून). दप्तर: शेऱ्यांमुळे ‘अनौपचारिक’ असा शेरा मारायचा होता, तो मारला, ८ दिले. सुरक्षितता: शून्य. उपक्रम? मावशींना उपक्रम म्हणजे काय ते कळेना.

‘म्हणजे वाचन प्रेरणा दिन वगैरे करता का? १५ ऑक्टोबरला?’

‘त्या दिवशी पोरं शाळेत फोटो काढायला जातात,’ मावशी म्हणाल्या. ‘संध्याकाळी येतात नेहमीसारखी.’

नेहमीसारखी येणं हा उपक्रम नाही. २० पैकी ३.

* * *

राहिला आदर्श बालवाचक. निकष सोपा: एका वर्षात जास्तीत जास्त पुस्तकं. मुलांना वही दिली होती, वाचलेलं पुस्तक तीत नोंदवायचं, पालकांची सही. पहिल्या आलेल्या मुलाची वही भरगच्च. ३१२ पुस्तकं. मुलाखतीला बोलावलं. चुणचुणीत पोरगा, भांग चापून पाडलेला.

‘बाळ, यातलं तुला सगळ्यात कुठलं आवडलं?’

त्याने वही उघडली, बोट फिरवलं. ‘चौऱ्याऐंशी नंबरचं.’

‘का रे?’

‘लवकर संपलं.’

मी वही चाळली. तीनशेबारा पुस्तकांत एकही सोळा पानांवरचं नव्हतं. पोरगा हुशारच. त्याला धावण्याच्या शर्यतीत उतरवलं, त्याने जवळचा रस्ता शोधला. त्याच शाळेतल्या एका मुलीच्या वहीत फक्त चार नोंदी होत्या. चौथीपुढे लिहिलं होतं, ‘हे दुसऱ्यांदा वाचले, धरावे का?’ समितीने धरलं नाही.

बक्षिसाने वाचन वाढतं का, याचा थोडा शोध लोकांनी घेऊन ठेवलाय. वाचनाचा नाही, चित्रांचा. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायची, त्यांचे तीन गट केले. एकाला आधीच सांगितलं, चित्र काढ, तुला सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला सांगितलं नाही, चित्र झाल्यावर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. मग काही दिवसांनी वर्गात पेनं नुसतीच ठेवून पाहिलं, कोण किती वेळ रमतं. दुसरा आणि तिसरा गट पूर्वीसारखाच रमला. ज्यांना बक्षिसाचं वचन होतं ती पोरं त्यांच्या निम्मा वेळच पेनाकडे फिरकली. बक्षीस घेतलं, हिशेब मिटला, आता फुकट कोण काढतो?

नोंद घ्या, बक्षिसाने बिघडलं नाही. बक्षिसाच्या बोलीने बिघडलं. पोराच्या पाठीवर अवचित हात ठेवा, काही होत नाही. आधी दर ठरवलात की तो मजूर होतो. आणि मजुराने सोळा पानीच उचलावी, यात त्याचा काय दोष?

* * *

समारंभ झाला. मंडप, फ्लेक्स, फ्लेक्सवर पुस्तकाच्या चित्रापेक्षा मोठे आठ चेहरे. ‘शून्य गहाळ’ वाचनालय पहिलं आलं. शाल, श्रीफळ, पाकीट आणि हाताला जड लागेल असं सन्मानचिन्ह, उघड्या पुस्तकाच्या आकाराचं, पितळी. त्या वाचनालयातलं ते पहिलं उघडं पुस्तक. ठेवायला जागा हवी म्हणून काचेच्या कपाटातला मधला खण रिकामा केल्याचं नंतर कळलं. त्यातली पुस्तकं मागच्या खोलीत गेली. गहाळ झाली नाहीत, हे सांगायला नकोच.

मावशींना उत्तेजनार्थ प्रमाणपत्र दिलं. त्या आल्या नव्हत्या. संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय उघडं असतं.

मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी धर्मादायाच्या दोन जुन्या पद्धती सांगणार होतो, पण आमदार आले आणि माझी मिनिटं त्यांच्यात विरघळली. त्या इथे सांगतो, सदराला आमदार येत नाहीत.

एक अँड्र्यू कार्नेगी यांची. पोलादाच्या पैशातून त्यांनी अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि इतर देशांत मिळून अडीच हजारांवर ग्रंथालयांना पैसे दिले. अट एकच जाचक होती: मी इमारत देतो, तुमच्या गावाने तिच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी चालवण्यासाठी करातून द्यायची. म्हणजे पैसे टाळ्यांना नाही, दार रोज उघडण्याला बांधलेले. याच माणसाच्या होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ चा कामगारांचा संप मोडून काढला गेला, आणि बारा तासांच्या पाळीनंतर वाचायचं कुणी, हा प्रश्न लोकांनी तेव्हाच विचारला. तेव्हा त्यांची आरती नको. अट तेवढी उचलावी.

दुसरी पद्धत आपल्या घरची. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्यांनी १९०६ साली संस्थानभर शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर पोरगं शिकलेलं विसरतं. म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं. गावाने वर्गणी काढली की संस्थानही भर घालायचं, आणि जिथे तेही जमत नसे तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत जायच्या. पेटी गावात, पेटी वाचून झाली की पुढच्या गावाला. पेटीला पुरस्कार नव्हता. पेटीला पुढचं गाव होतं. आज नाशिकहून निघालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या घरोघर आणि परदेशातल्या मराठी मंडळांतही फिरतात, त्या याच वाटेवरच्या.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी. देणाऱ्याने ‘कोण चांगलं?’ हे विचारलं नाही. ‘उद्या उघडं असेल का?’ हे विचारलं.

* * *

परवा त्या व्यापाऱ्याच्या कापडाच्या दुकानी गेलो. म्हटलं, पुढच्या वर्षी परीक्षक मीच, पण तक्ता माझा. त्याने गल्ल्यावरून विचारलं, ‘काय बदल?’

मी सांगितलं. मुलांना बक्षीस नाही. मुलांना पुस्तक, तेही नाव न पुकारता. पुरस्कार वाचनालयाला आणि शाळेला. पाकिटाचे तीन भाग: जेवढी पुस्तकं फाटली त्यांची बांधणी किंवा नवी प्रत, जेवढी हरवली त्यांची भरपाई, आणि उरलेलं सगळं चालवणाऱ्या माणसाच्या हातात, दरमहा, वर्षभर. मुख्याध्यापकांसाठी ट्रस्टचं एक हमीपत्र: मुलांनी नेलेलं पुस्तक चार्ज देताना कमी भरलं तर आम्ही भरू. त्या एका कागदाने तालुक्यातली जेवढी कपाटं उघडतील तेवढी पन्नास भाषणांनी उघडणार नाहीत. शाल नको, श्रीफळ नको. नारळ फोडायचाच तर तो कुलपावर.

‘आणि क्रमांक कसा काढायचा?’

‘सगळ्यात फाटक्या पुस्तकावर.’

तो हसला. व्यापारीच तो. ‘अहो, लोक घरी बसून फाडतील आणि आणून देतील!’

‘आणू देत की,’ मी म्हटलं. हाताने फाडलेलं आणि वाचून फाटलेलं यातला फरक कापडवाल्याला मी शिकवावा? झिजलेलं धोतर आणि टरकावलेलं धोतर तू लांबून ओळखतोस. वाचलेल्या पुस्तकाचा उजवा खालचा कोपरा काळपट होतो, अंगठ्याने. कागद मऊ पडतो, जुन्या नोटेसारखा. जिथे गोष्ट रंगते तिथे शिवण सैल होते, पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप त्याच पानावर उघडतं. मध्येच चिवड्याचं तेल. कुठेतरी चुरगळलेलं एसटीचं तिकीट, खूण म्हणून. एवढं सगळं घरी बसून खोटं करायचं तर माणसाला ते पुस्तक वीस-पंचवीस वेळा वाचावं लागेल. त्याने तेवढं केलं, तर लबाडीसकट त्याला पुरस्कार देऊन टाकू.

त्याने बराच वेळ मीटर पट्टी कापडावर फिरवली. मग म्हणाला, ‘बाबांकडे एक पोथी होती. वाचता येत नव्हतं, पण रोज उघडायचे. तिचं हेच झालं होतं.’ आणि पोराला हाक मारून जाहिरातीचा मजकूर लिहून घ्यायला बसवलं.

तर मजकूर असा. तालुक्यातल्या सर्व वाचनालयांना आणि शाळांना कळवण्यात येते की पुढच्या वर्षीपासून अर्ज, अहवाल, फोटो आणि प्रतींचे संच पाठवू नयेत. आपल्याकडचं सगळ्यात फाटकं पुस्तक तेवढं पाठवावं, परीक्षक पाहून परत करतील. ते पुस्तक कुणी वाचायला नेलं असेल आणि त्यामुळे पाठवता येत नसेल, तर एका ओळीचं पत्र टाकावं.

पहिला क्रमांक त्या पत्राचा.